तेंदूचे पंधरा दिवस आणि ग्रामसभेचं दप्तर

गडचिरोलीच्या धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत ग्रामपंचायत म्हणजे एक गाव नसतं. चार-सहा गावं, त्यांचे टोले, मध्ये दोन-तीन नाले आणि जंगल, एवढ्या सगळ्यांची मिळून एक गट ग्रामपंचायत असते. कार्यालय एकाच गावात. बाकीच्यांना साध्या दाखल्यासाठी पाच-सात किलोमीटर चालावं लागतं आणि पावसाळ्यात नाला चढला की तेही बंद. सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते : दीड हजारापर्यंत ७, तीन हजारापर्यंत ९. त्यामुळे वीस-पंचवीस घरांच्या टोल्यातून एखादा सदस्य गेला तर गेला, नाहीतर तोही नाही.

रस्ता, नळयोजना, घरपट्टी, अंगणवाडीची दुरुस्ती अशा कामांना ही रचना कशीबशी पुरते. जंगलाला मात्र पुरत नाही. मोह कुठल्या नाल्यापर्यंत वेचायचा, बांबू कुठल्या डोंगरीपर्यंत तोडायचा, हे एकेका गावाचं ठरलेलं असतं. शेजारच्या गावाची शिव कुठून सुरू होते हे पोरांनाही ठाऊक असतं. सहा गावांची पंचायत एका टेबलाशी बसून या शिवेच्या आतला निर्णय घेऊ लागली की पहिलं भांडण तिथेच होतं.

१९९६च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याने, ही गोष्ट मान्य केली. आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे स्वतःचा कारभार चालवणारी वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा टोला म्हणजे गाव, आणि त्या गावाची ग्रामसभा वेगळी. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ साली आले. त्याआधीच २००६च्या वनहक्क कायद्याने तेंदूपाने (विडी वळायची पानं) आणि बांबू धरून गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर मालाची, मालकी गावाला दिली होती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या दोन गावांना सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला आलेलं जंगल अठराशे हेक्टरांच्या वर आहे. तरी बांबू स्वतःच्या परवान्यावर विकायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या दिवशी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्काचा कागद आणि परवान्याचं पुस्तक यांच्यातली ती दोन वर्षं प्रत्येक ग्रामसभेने लक्षात ठेवायला हवीत, कारण खरी सत्ता त्या पुस्तकातच असते. पुढे त्यावर येतोच.

आज जिल्ह्यात हजाराहून जास्त ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्काचे दावे मंजूर आहेत. त्यांच्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी उलाढाल म्हणजे तेंदू. मोहाचा पैसा घरोघरी सुटा येतो, बांबूला मनुष्यबळ आणि वेळ लागतो. तेंदूचं तसं नाही. एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत, जेमतेम दहा-पंधरा दिवसांत, अख्खं गाव जंगलात असतं आणि खरिपाचं बियाणं, लग्नकार्य, शाळेचे कपडे या सगळ्याचा पैसा त्यातून उभा राहतो. पान तोडलं की थांबत नाही. विकायला उशीर झाला तर ते पान राहत नाही. पान विकत घेणाऱ्या ठेकेदाराला हे पक्कं माहीत असतं. म्हणून ग्रामसभेची सगळी ताकद पान तोडण्याआधी कागदावर आली पाहिजे. हंगाम सुरू झाल्यावर अटी घालायला कोणी बसत नाही.

ठराव

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेपुढे तेंदूसाठी दोन पर्याय असतात. पहिल्या पर्यायात विक्री वनविभाग करतो, मजुरी फळीवर (पानं गोळा करून वाळवायच्या जागी) मिळते आणि बोनस मागाहून येतो. दुसऱ्यात ग्रामसभा स्वतः लिलाव करते, स्वतः करार करते, स्वतः हिशेब ठेवते. दुसरा पर्याय घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण दप्तर ठेवायला चार माणसं तयार नसतील तर त्या वर्षी पहिला पर्याय घेणं शहाणपणाचं. अर्धवट दुसरा पर्याय, म्हणजे ठराव ग्रामसभेचा आणि कारभार ठेकेदाराच्या दिवाणजीचा, हा सगळ्यांत वाईट.

ठराव हिवाळ्यातच व्हायला हवा. वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेची गणपूर्ती एकूण सदस्यांच्या किमान निम्मी आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला. सदस्य म्हणजे गावातले सगळे प्रौढ स्त्री-पुरुष, फक्त कुटुंबप्रमुख नव्हेत. नेमकी इथेच चूक होते. घरटी एक पुरुष बोलावून सह्या घेतल्या जातात, आणि पुढे वाद झाला की विरुद्ध बाजूचा वकील पहिल्यांदा हजेरीच मोजतो. हजेरीच्या पानावर स्त्रियांची संख्या वेगळी लिहावी, अंगठ्यापुढे नाव स्वच्छ लिहावं आणि ठराव सभा उठण्याआधी वाचून दाखवावा. कोऱ्या पानावर सह्या घेऊन "ठराव नंतर लिहू" ही सवय मोडलीच पाहिजे. त्या कोऱ्या पानांवर काय काय लिहून निघालं आहे, हे या भागात कोणाला वेगळं सांगायला नको.

ठरावात निदान एवढं हवं : कोणता पर्याय, लिलावासाठी कोणाला अधिकार, बँक खात्यावर कोणाकोणाच्या सह्या (तीन माणसं, त्यांत एक तरी बाई), फळी किती आणि कुठे, मुन्शी (फळीवर नोंदी ठेवणारा) कोण, ग्रामसभेचा वाटा किती टक्के. ग्रामसभेच्या नावाने पॅन आणि बँक खातं नसेल तर ते काम डिसेंबरच्या आत उरकावं. ऐनवेळी ते होत नाही, आणि मग रक्कम कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर घेण्याची सूचना पुढे येते. ती कधीच मान्य करू नये, माणूस कितीही सज्जन असो. पुढच्या वर्षी गावात त्याच्याविषयी संशय उरतो आणि चांगला कार्यकर्ता कायमचा बाजूला होतो.

एकट्या ग्रामसभेचा माल थोडा. शंभर-सव्वाशे गोण्यांसाठी चांगला व्यापारी येत नाही, आणि आला तरी भाव पाडून मागतो. म्हणून दहा-वीस ग्रामसभा एकत्र येऊन एकच जाहिरात देतात. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी केली ती याच गरजेतून. जुन्या इलाका-पट्टीच्या (गावांच्या पारंपरिक गटांच्या) रचनेवर हे गट बांधले तर जास्त टिकतात, कारण शिवेचे वाद मिटवण्याची बैठक तिथे आधीपासून असते. मात्र करार प्रत्येक ग्रामसभेचा वेगळा असू द्यावा. लिलाव एकत्र, करार आणि खातं स्वतंत्र. एका गावाची थकबाकी दुसऱ्या गावाच्या डोक्यावर येता कामा नये.

करारनामा

हा भाग लांबणार आहे, कारण नुकसान बहुतेक इथेच होतं.

आधी माप. महाराष्ट्रात एक पुडा म्हणजे ७० पानं आणि एक प्रमाण गोणी म्हणजे १,००० पुडे. दर गोणीवर बोलला जातो, मजुरी शेकड्यावर दिली जाते, आणि या दोन मापांमध्ये पैसा झिरपतो. एक उदाहरण घेऊ. समजा गावात ८० कुटुंबं आहेत, प्रत्येकाने रोज सरासरी १५० पुडे आणले आणि खरेदी १० दिवस चालली. एकूण पुडे झाले १,२०,०००, म्हणजे १२० गोण्या. गोणीला समजा ८,००० रुपये दर ठरला, तर एका पुड्याला ८ रुपये आणि एकूण ९,६०,००० रुपये. आता फळीवरचा दिवाणजी शेकड्यामागे पाच पुडे "जादा" मागतो, खराब निघतील म्हणून. ते लिहिले जात नाहीत. दहा दिवसांत ६,००० पुडे असे जातात. त्यांची किंमत ४८,००० रुपये. मुन्शीच्या मानधनाला, फळीच्या चौकीदाराला आणि जंगलाच्या राखणीला पुरेल एवढा पैसा कोणी न चोरताच गेलेला असतो. म्हणून करारात सरळ लिहावं : शंभर म्हणजे शंभर, जादा पुडे दिले जाणार नाहीत, खराब पुडा त्याच वेळी, तोडणाऱ्याच्या समोर बाजूला काढायचा.

याची दुसरी बाजूही पाळावी लागते. पुड्यात ६५ पानं बांधणारे लोक गावातही असतात. मुन्शीने रोज प्रत्येकाच्या ढिगातले दोन-तीन पुडे सोडून मोजले तर आठवड्यात सगळे सरळ होतात. गावाने माप पाळलं तरच ठेकेदाराकडून माप पाळून घेता येतं.

दराचे दोन तुकडे होतात, मजुरी (तोडणीचे पैसे) आणि रॉयल्टी (जंगलाच्या मालकीचे पैसे). वरच्या उदाहरणात ८,००० पैकी ३,५०० मजुरी आणि ४,५०० रॉयल्टी धरू. मजुरी दर आठवड्याला, रॉयल्टी हंगामानंतर, असा रिवाज आहे. बुडते ती रॉयल्टी. २०१७ मध्ये तेंदूचे दर अचानक चढले आणि पुढच्या वर्षी तसेच कोसळले. चढ्या भावाने युनिट (लिलावात विकला जाणारा जंगलाचा भाग) घेतलेले व्यापारी अशा वेळी हात वर करतात. मग ग्रामसभा अर्ज घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवते. यावर एकच खात्रीचा उपाय आहे : पैसे तेवढाच माल.

तो असा बसवायचा. अंदाजे १२० गोण्या असतील तर ३० गोण्यांचे चार हप्ते करावेत. करार करतानाच एका हप्त्याची पूर्ण किंमत, म्हणजे २,४०,००० रुपये, अनामत म्हणून खात्यात जमा करून घ्यावी. पहिल्या ३० गोण्या हलवायच्या तर त्यांचे पैसे वेगळे भरावे लागतील. दुसऱ्या, तिसऱ्या हप्त्यालाही तसंच. अनामत फक्त शेवटच्या हप्त्यात वळती होईल. यामुळे ग्रामसभा कायम एका हप्त्याने पुढे राहते. आठवड्याला फळीवर दिलेली मजुरी त्या-त्या हप्त्यातून वजा करायची, पण मुन्शीच्या वहीत तिची नोंद असली तरच. ठेकेदार म्हणतो, एवढी अनामत कोणी देत नाही. धनादेश घ्या, पुढच्या तारखेचा. धनादेश घेऊ नये. रक्कम खात्यात दिसल्याशिवाय जंगलात कोयता जाऊ देऊ नये.

आता ते परवान्याचं पुस्तक. २०१२च्या दुरुस्तीनंतर वनहक्क नियमांत वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेने नेमलेल्या समितीकडे आहे. या परवान्याशिवाय (टीपीशिवाय) माल नाक्यावरून पुढे जात नाही. म्हणजे ठेकेदाराची मान त्या पुस्तकात अडकलेली असते. आणि नेमकं हेच पुस्तक बऱ्याच ठिकाणी "तुम्हाला त्रास नको" म्हणून सह्या करून दिवाणजीकडे दिलेलं आढळतं! तसं झालं की करारातल्या सगळ्या अटी निव्वळ शाई. पुस्तक समितीच्या सचिवाकडे, शिक्का दुसऱ्याकडे, आणि सही तिसऱ्याची. प्रत्येक परवान्यावर गाडीचा क्रमांक, गोण्यांची संख्या, तारीख, कुठून कुठे, आणि स्थळप्रत पुस्तकातच राहू द्यायची. गोदाम गावाच्या शिवेतच असेल तर फार चांगलं. माल एकदा दूरच्या गोदामात गेला की परवान्याचा धाक संपला.

आणखी चार अटी लिहून घ्याव्यात. मुन्शीच्या वहीत नोंद झाली की पान ठेकेदाराचं. नंतर अवकाळी पाऊस आला, गारपीट झाली, फळी पेटली, तरी किंमत द्यावी लागेल. ही ओळ नसेल तर भिजून काळं पडलेलं पान तोडणाऱ्यांच्या गळ्यात येतं. खरेदीचे किमान दिवस किंवा किमान गोण्या ठरवाव्यात, नाहीतर बाजार पडला की दिवाणजी चौथ्या दिवशी गोणी संपली म्हणून निघून जातो. कर वेगळा : बोललेला दर करांशिवायचा आहे आणि जीएसटी खरेदीदार भरेल. तेंदूपानांवर जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. पण टक्का कितीही असो, तो दरात गुंडाळलेला नसावा. टीसीएसचं (विक्रीच्या वेळी खरेदीदाराकडून गोळा करायच्या कराचं) काय करायचं ते सनदी लेखापालाला विचारूनच ठरवावं. आणि चौथी अट म्हणजे मजूर जंगलात जखमी झाला तर विमा कोणाचा. करारात विम्याचा हप्ता ठेकेदाराने भरायचा असं लिहिलेलं असावं आणि पावती हंगामाआधी हातात यावी.

करार मराठीत असतो. कायद्याची मराठी शाळा शिकलेल्यांनाही जड जाते. कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी बोलणारी घरं आहेत, धानोऱ्यात गोंडी, भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू. सहीच्या आधी करार त्या-त्या भाषेत समजावून सांगण्यासाठी एक पूर्ण बैठक ठेवावी. घाई करणाऱ्या व्यापाऱ्याला दोन दिवस थांबू द्यावं, त्याचं काही बिघडत नाही.

जंगलात

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत तेंदूच्या झुडपांची छाटणी होते. जमिनीलगत, धारदार हत्याराने, एका घावात. बोथट कोयत्याने ठेचलेल्या खोडाला फूट कमी येते. छाटल्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी नवं पान तोडायला येतं, म्हणून छाटणी लांबली की पान कोवळं राहतं आणि तोवर पावसाचे दिवस जवळ येतात. मोठ्या झाडाचं पान जाड, रखरखीत असतं आणि विडी वळताना फाटतं. छाटलेल्या झुडपाचं पान मऊ, चिवट.

छाटणीचे कष्ट वाचवायला काही जण जंगल पेटवतात. आगीनंतर फूट येते हे खरं. पण त्याच आगीत मोह, चार (चारोळी), आवळा यांची उगवलेली रोपं मरतात, जमिनीवरचा पाला जातो आणि पावसात माती वाहून जाते. दहा वर्षांनी त्या जंगलात झुडपंच उरतात. ग्रामसभेने आग लावण्यावर दंड ठेवावा आणि तो घ्यावाही. मोहाच्या झाडाखाली पाला झाडून बाजूला करायचा, पेटवायचा नाही, हा नियम मार्चमध्येच दवंडी देऊन सांगावा.

पान कोणतं तोडायचं? तळहाताएवढं, पूर्ण उमललेलं, पण करकरीत न झालेलं. लालसर कोवळं पान वाळल्यावर आक्रसतं. फोड आलेलं, किडीने टोचलेलं, डाग पडलेलं पान घेऊ नये. देठ छोटा ठेवावा. पहाटे दंव किंवा पावसाचं पाणी पानावर असेल तर थोडं थांबावं. ओली पानं पुड्यात बांधली की आतून काळी पडतात, आणि असा पुडा वरून चांगला दिसत असल्याने फळीवर वादाचं कारण होतो. दुपारपर्यंत तोडणी, मग घरी सावलीत बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर. म्हाताऱ्या आणि पोरं पुडे बांधण्यात तरबेज असतात. मजुरी मात्र कार्डावर ज्याचं नाव त्याला मिळते, म्हणून कार्ड घरातल्या बाईच्या नावाने किंवा जोडनावाने काढावं.

गेल्या काही वर्षांत एक मोठा फरक पडला आहे. वडसा, आरमोरी, गडचिरोलीच्या पट्ट्यात वाघांचा वावर वाढला आहे आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळप जिल्ह्यात फिरतो. तेंदू तोडणारा माणूस वाकलेला असतो, झुडपात असतो, आवाज करत नाही. वाघासमोर यापेक्षा वाईट अवस्था नाही. उजाडण्याआधी निघू नये. सात-आठ जणांनी मिळून जावं आणि त्यांतल्या एकाने तोडणी न करता उभं राहून राखण करावी. त्याची मजुरी बाकीच्यांनी पुड्यांत द्यावी. एका माणसाचे पुडे कमी आले तरी चालतील. आदल्या दिवशी कुठे ठसे दिसले हे फळीवर संध्याकाळी मोठ्याने सांगण्याची पद्धत पाडावी. सगळं गाव त्या वेळी तिथेच असतं.

फळीवर

फळीची जागा उघडी, कडक, किंचित उताराची हवी. झाडाखाली नको, शेताच्या बांधात नको. आधी गवत छिलून काढावं आणि भोवती जाळपट्टा (आग आत येऊ नये म्हणून साफ केलेली पट्टी) करावा. पुडे ओळीने मांडतात, तीन-चार दिवसांनी उलटतात आणि चांगलं ऊन असेल तर आठवड्याभरात वाळतात. खडखडीत वाळलेलं पान गोणीत दाबलं तर चुरा होतो. त्यामुळे भरतीच्या आदल्या संध्याकाळी वरून हलकं पाणी शिंपडतात आणि पहाटे पान मऊ असताना गोणी भरतात. पाणी जास्त झालं तर गोणीच्या आत बुरशी धरते. हे काम ठेकेदाराची माणसं करतात, पण भरती होताना समितीचा माणूस तिथे उभा पाहिजे. गोणीत १,००० ऐवजी १,१०० पुडे कोंबले तर गोण्यांची संख्या कमी दिसते आणि रॉयल्टी गोणीवर असते. मुन्शीच्या वहीतल्या एकूण पुड्यांना हजाराने भागून आलेला आकडाच हिशेबाचा, प्रत्यक्ष गोण्या नव्हेत. हेही करारात लिहिता येतं.

मुन्शी गावचाच असावा आणि त्याचं मानधन ग्रामसभेने द्यावं. ठेकेदाराकडून पगार घेणारा मुन्शी कितीही आपला असला तरी वही ठेकेदाराची होते. वहीला तीन ठिकाणी जोड हवी : तोडणाऱ्याचं कार्ड, मुन्शीची वही, दिवाणजीची वही. रोज संध्याकाळी तिन्हींची बेरीज जुळवून मुन्शी आणि दिवाणजीने एकमेकांच्या वहीवर सही करायची. फळीवर एक फळा टांगावा आणि त्यावर आजचे पुडे, आजवरचे पुडे, जमा झालेले पैसे एवढं खडूने लिहावं. ज्या गावात असा फळा असतो तिथे जूनमध्ये भांडणं होत नाहीत.

शिवेच्या कडेला दोन गावांची माणसं एकाच झुडपांपाशी भेटतात. पान कुणाच्या फळीवर जायचं? सोपा नियम असा की पान ज्या जंगलातलं त्या गावच्या फळीवर, तोडणारा कुठलाही असो. मजुरी तोडणाऱ्याला, रॉयल्टीतला ग्रामसभेचा वाटा जंगलाच्या गावाला. हा ठराव दोन्ही ग्रामसभांनी मार्चमध्ये एकाच शब्दांत करून ठेवावा.

वाटणी

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. एका कुटुंबाचे दहा दिवसांत १,५०० पुडे. एकूण किंमत १२,००० रुपये. ग्रामसभेचा वाटा १० टक्के धरला तर १,२०० वजा. हातात १०,८००. त्यातली ५,२५० मजुरी फळीवर मिळून गेली, रॉयल्टीचे राहिले ५,५५०. हे दोन आकडे प्रत्येक कार्डावर लिहून दिले तर लोकांना "रॉयल्टी" आणि "बोनस" या शब्दांमागे नेमके किती रुपये आहेत ते कळतं. गावाकडे जमा होतात ९६,०००.

या पैशांचं काय करायचं यावर मतं पडतात, आणि पडावीत. समाजमंदिर, भांडी, मंडप, डीजे असे प्रस्ताव दरवर्षी येतात. आमचं म्हणणं एवढंच की पहिला हक्क जंगलाचा : मुन्शी आणि राखणदार, जाळपट्टा, परवान्याचं पुस्तक आणि दप्तराचा खर्च, पुढच्या लिलावाची जाहिरात. दुसरा हक्क त्या घरांचा, ज्यांच्याकडे तोडायला हातच नाहीत. एकटी म्हातारी, अपंग माणूस, बाळंतीण. काही गावं अशा घरांना ठरावीक रक्कम देतात. तेंदू हा सगळ्या गावाच्या जंगलाचा माल आहे, म्हणून ते योग्यच आहे.

गावात गोंड-माडियांच्या बरोबरीने गोवारी, ढीवर, हलबा, कंवर, तेली अशी घरं असतात. वनहक्क कायद्यातली ग्रामसभा सगळ्या प्रौढांची आहे. वैयक्तिक पट्ट्यासाठी इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे अनुसूचित जमातींबाहेरच्यांना, ७५ वर्षांचा पुरावा लागतो, त्यावरून "तुमचा इथे काय हक्क" असं म्हणण्याची चूक होते. सामूहिक हक्काला ती अट लावून गावात फूट पाडू नये. फूट पडली की सगळ्यांत आधी खूश होतो तो व्यापारी.

पैसे बँकेतूनच वाटावेत. या पट्ट्यात तेंदूच्या रोख पैशावर नक्षलवाद्यांच्या खंडणीची सावली वर्षानुवर्षं होती, आणि रोख पैसा ज्याच्याकडे तो अडचणीत, हे लोकांनी भोगलं आहे. बँकेची शाखा तीस-चाळीस किलोमीटरवर असते हे खरं. त्यासाठी खाते क्रमांकांची यादी फेब्रुवारीत तपासून घ्यावी. बंद पडलेली, आधार न जोडलेली खाती हंगामाच्या मध्यावर दुरुस्त होत नाहीत. दहा-बारा नावं हमखास अशी निघतात.

हिशेबाची ग्रामसभा जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी, नाले भरण्याआधी आणि धानाचे पऱ्हे टाकायला माणसं बांधात जाण्याआधी. त्या सभेत कार्ड, मुन्शीची वही, परवान्याच्या स्थळप्रती आणि बँकेचं पासबुक, या चार गोष्टी मध्ये ठेवाव्यात आणि पुडे ते रुपये असं एकेक पान वाचत जावं. वाचायला शाळेतली वरच्या वर्गातली मुलगी बसवली तर उत्तम. तिला आकडे चुकवायचं काही कारण नसतं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत मुन्शीची वही तिच्याकडेच यायची असते. ठराव झाला की दप्तराची एक प्रत गावात आणि दुसरी इलाक्याच्या बैठकीकडे ठेवावी. कुडाच्या घरात, पावसाळ्यात, वाळवीपासून वह्या वाचवायला पत्र्याची पेटी लागते. ती ग्रामसभेच्या वाट्यातून पहिल्याच वर्षी घ्यावी.